साक्षीची सही

पोहे झाले, तर्री झाली, पातेल्याच्या बुडाचे चणेसुद्धा पिंटूनं खरवडून खाल्ले, तरी भांडण काही आटोपलं नव्हतं. भगवानरावांच्या घराण्यात भांडण पंगत उठायच्या आत मिटवायचं, अशी जुनी रीत. पण आज पंगत घरात नव्हती, क्लबच्या शेडमध्ये होती, आणि शेडमध्ये घरच्या रीती चालत नसाव्यात.

अकरा वाजता यवतमाळहून पेपरची बाई येणार होती. तिच्यासमोर क्लबनं कसं दिसायचं आणि काय बोलायचं, एवढाच प्रश्न. त्या एवढ्याशा प्रश्नावर सकाळी आठपासून सगळे घसा सुकवत होते. आणि ज्यांच्या नावावर हा पसारा उभा होता ते शहात्तर वर्षांचे भगवानराव दाराजवळच्या खुर्चीत चहाचा रिकामा कप धरून बसले होते. कप रिकामा झाल्याला अर्धा तास झाला होता.

शेड म्हणजे केळापूरच्या सोसायटीचं जुनं जिनिंग. कापसातून सरकी काढायचे रेचे कधीच भंगारात गेले, आता तिथं दहा मीटरवर सहा निशाण्या टांगलेल्या. छऱ्याच्या बंदुकीनं कागदी कार्डावर नेम धरायचा, दहा छर्रे, शंभर गुण. बावीस पोरी नि नऊ पोरं इथं शिकत होती. होती म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत. मग पिंटूनं, भगवानरावांच्या धाकट्या नातवानं, मोबाइलसमोर उभं राहून बंदूक थेट कॅमेऱ्यावर रोखली, मागं सिनेमातला डायलॉग लावला, आणि तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. त्यात आठ पोरींच्या आयाही होत्या. आठही पोरी दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद. सोसायटीकडं अर्ज गेला की हे लोक लेकरांना गुंडगिरी शिकवतात, जागा काढून घ्या. उद्या सोमवारी सभा होती. आज बाई जे लिहील ते उद्या सकाळी सभेच्या टेबलावर पडणार, आणि शेड राहायची की जायची ते ठरणार.

"मी पुन्हा एकदा सांगते," अर्पिता म्हणाली. ती भगवानरावांची नात, त्यांच्या मुलाची म्हणजे पंजाबरावांची थोरली, आणि क्लबची कोच. शिकवताना तिचा आवाज कधी चढत नसे, पण आज सकाळपासून तो चढलेलाच होता. "बंदूक कोणीच कॅमेऱ्याकडं करायची नाही. हातात धरली तरी तोंड जमिनीकडं. गोळी म्हणायचं नाही, छर्रा म्हणायचं. तो छर्राच आहे. आणि मुलं हिंसक होतात का असं तिनं विचारलं तर चिडायचं नाही. बाबा, हे मी तुम्हाला सांगतेय."

"मी कायले चिडू?" पंजाबराव चिडून म्हणाले. "पण मले एक सांग. इथं माणूस दीड तास खांबासारखा उभा राह्यते नि कागदाले भोक पडते. हे कोणी पाह्यन काय? मी सभेत दोन डायरेक्टर कसेबसे आपल्या बाजूनं ठेवले. त्याईले काही वजनदार दाखवा लागते. बाबाले फेटा बांधू, मिशीले पीळ देऊ, बंदूक हातात. तो जुना फोटो हाये ना, तसाच. सभेतले म्हातारे अजूनही त्याच फोटोचं नाव घेतात."

सगळ्यांच्या माना दारावरच्या फ्रेमकडं वळल्या. भगवानरावांची तेवढी वळली नाही.

फ्रेममध्ये एका जुन्या साप्ताहिकाचं पिवळं कात्रण होतं. अडतीस वर्षांचे भगवानराव, डोक्याला फेटा, भरघोस मिशी, उजव्या हातात बंदूक आणि तिचं तोंड सरळ बघणाऱ्याच्या छातीवर. डाव्या हातात निशाणीचं कार्ड. खाली ठळक अक्षरात, 'केळापूरच्या नेमबाजाचे शंभरपैकी चौऱ्याण्णव'. क्लबात येणारं प्रत्येक लेकरू पहिल्या दिवशी ही फ्रेम बघूनच आत शिरायचं.

"एक मिनिट," पिंटू म्हणाला. तो पंधरा दिवस घरात सगळ्यांच्या शिव्या खाऊन गप्प होता, आणि आता बोलला तो कोपऱ्यात बसूनच. "अर्पिताताई, तू मले म्हणते की बंदूक कॅमेऱ्यावर काहून रोखली. आबानं रोखली ते चालते का? मी लहानपणापासून तेच पाहून राह्यलो. व्हिडिओत मी आबाचाच पोज केला होता. हात पाह्य, पाय पाह्य, सगळं तेच."

तानाबाई, भगवानरावांच्या मंडळी, ताटल्या गोळा करत होत्या त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडं एकवार पाहिलं आणि परत ताटल्या उचलायला लागल्या.

तीन नंबरच्या निशाणीपाशी एक म्हातारा स्टुलावर चढून कप्पीला तेल देत होता. कार्ड दोरीनं पुढं-मागं करायची ती कप्पी. हे धर्मपाल. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर होऊन उमरखेडलाच राहिले. काल रात्री नातीकडं मुक्काम करून आज आले होते, कारण क्लबचे संस्थापक दोघं, तर फोटोतही दोघं हवेत, असा अर्पितानं हट्ट धरला होता. नात दीपमाला आईबरोबर पांढरकवड्याला खोली करून राहायची आणि सध्या क्लबात तिच्याइतके गुण कोणाचेच नव्हते. धर्मपालांनी पिंटूचं बोलणं ऐकलं असणारच. पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. कप्पी फिरवून पाहिली, अजून एक थेंब टाकला.

भगवानरावांना त्या कप्पीचा आवाज ओळखीचा होता. पहिली कप्पी या माणसानंच बसवली होती, ती विहिरीवरची होती.

तेव्हा शेड नव्हती, क्लब नव्हता, काहीच नव्हतं. धर्माच्या घरामागं मातीची पडकी भिंत होती आणि दोघांत मिळून एक छऱ्याची बंदूक. दर रविवारी दोघं तिथं जमायचे. कार्ड विकत घ्यायची ऐपत कुठली, कॅलेंडरची पानं उलटी करून कापायची. बाहेरचं वर्तुळ ताटलीचं, मधलं तानाबाईच्या बांगडीचं, आतलं चार आण्याच्या नाण्याचं. एकदा वर्तुळ काढताना बांगडी फुटली तर तानाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. धर्माची बायको पंचफुला ज्वारीची भाकर नि ठेचा आणून द्यायची आणि म्हणायची, "भिंतीनं तुमचं काय बिघडवलं?" काय दिवस होते. दहा छर्रे मारून झाले की सगळा आठवडा त्याच दहा छऱ्यांच्या गप्पा.

पंच तर कोणी नव्हता. मग दोघांनी मिळून एक नियम केला. आपली भोकं आपण मोजायची नाहीत. समोरच्यानं मोजायची, कार्डामागं नेमबाजाचं नाव लिहायचं, गुण लिहायचे, आणि खाली मोजणाऱ्यानं साक्षीदार म्हणून सही करायची. जो हरला त्यालाच जिंकणाऱ्याच्या कार्डावर सही करावी लागायची. धर्मा म्हणायचा, "हरून सही करता आली ना, तं माणूस नेमबाज झाला समज." तो नियम आजही चालू होता. बावीस पोरी नि नऊ पोरं, एकमेकांच्या कार्डावर सह्या करायची. अर्पिता तर म्हणायची की आबा, आपल्या खेळात हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ती असं म्हणाली की भगवानराव काहीतरी काम काढून बाहेर जायचे.

बाई आली ती बरोबर अकराला. सलोनी तिचं नाव, पंचविशीची असेल, यवतमाळहून स्कुटीवरून आली होती आणि तिच्या नाकावर रस्त्याची धूळ होती. तानाबाईंनी आधी तिला तोंड धुवायला पाणी दिलं, मग पोहे. पोहे संपले आहेत असं पिंटू पुटपुटला, तर तानाबाईंनी स्वतःची ताटली पुढं केली.

सलोनी हुशार होती. तिनं गोड प्रश्नांनी सुरुवात केलीच नाही. "तो व्हिडिओ मी पाहिला," ती म्हणाली. "मला माझ्या आईनं पाठवला. तिचं म्हणणं, अशा ठिकाणी कोणी पोरीला पाठवतं का. मी तिला काय सांगू?"

पंजाबरावांची कानशिलं तापली. अर्पितानं त्यांचा पाय हळूच दाबला. उत्तर दीपमालानं दिलं.

"ताई, तुम्ही माझ्या हाताला हात लावून पाहा," ती म्हणाली. सलोनीनं मनगट धरलं. "नाडी लागते ना? दोन ठोक्यांच्या मधी छर्रा सोडावा लागते. राग आला असला तं ते जमतच नाही. मी पहिल्या वर्षी घरी भांडून आले की साठच्या वर जात नव्हते. आता इथं यायचं म्हणून मी घरी भांडतच नाही. आईले विचारा."

सलोनी हसली, वहीत लिहिलं. अर्पिताच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरला. सगळं नीट चाललं होतं. दोन पोरी बोलल्या, एकीनं कार्डावर सही कशी करतात ते दाखवलं, पिंटूनं मान खाली घालून चूक कबूल केली आणि व्हिडिओ काढून टाकल्याचं सांगितलं. मग सलोनीनं कॅमेरा बाहेर काढला, फोटोसाठी जागा शोधत इकडंतिकडं पाहिलं, आणि तिची नजर दारावर गेली.

"अरे, हे काय भारी आहे," ती म्हणाली. "हे आबाच ना? आबा, हाच फोटो आज परत काढू. तेव्हाचा आणि आताचा शेजारी शेजारी. संपादक पहिल्या पानावर घेतील, मी सांगते. चौऱ्याण्णव गुण, केवढी मोठी गोष्ट. ते कार्ड आहे का अजून?"

"मी म्हणत होतो ना," पंजाबराव उठलेच. "पिंट्या, फेटा आण गाडीतून."

भगवानरावांनी अर्पिताकडं पाहिलं. ती तरी नाही म्हणेल, नियम तिचाच. अर्पिता ओठ चावत उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर सभा होती, पहिलं पान होतं, आठ पोरी होत्या. "आबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "एकदाच काढू. बंदूक जरा खाली धरा, म्हणजे झालं. कार्ड दुसऱ्या हातात घ्या, कोणतंही चालेल. पहिल्या पानावर आलं तर शेड वाचेल."

म्हणजे सकाळपासून बापाशी भांडणारी लेक आता बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिची चूक तरी काय म्हणायची? तो जुना फोटो निघाला तेव्हा भगवानराव स्वतःसुद्धा मनाशी असंच म्हणाले होते. एकदाच काढू.

जिल्ह्याची स्पर्धा होती ती. पहिलीच. धर्मानं चौऱ्याण्णव मारले, भगवानरावांनी अठ्ठ्याऐंशी; नेहमीसारखी एकमेकांची भोकं मोजून सह्याही केल्या. धर्माची दुपारची पाळी होती डेपोत, तो निकाल लागायच्या आत बस पकडून गेला. जाताना म्हणाला, "माहं कार्ड तुह्यापाशी राहू दे, तूच साक्षी हायेस." फोटोवाला आला तो उशिरा. त्यानं मैदानावर नजर फिरवली आणि फेटा बांधलेला, मिशीवाला माणूस निवडला. साहेब, बंदूक जरा माझ्याकडं करा, डोळे मोठे करा. आणि तो कागद धरा हातात. किती गुण? भगवानराव म्हणाले, चौऱ्याण्णव. कार्डावर तेवढेच होते. कोणाचे, ते त्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. सायकलवरून घरी येताना ते स्वतःची समजूत घालत होते की उद्या जाऊन सांगू. आठ दिवसांनी साप्ताहिक आलं, गावात गुलाल उधळला, आणि तेव्हाचे सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, असा माणूस आपल्या गावात, ह्याले जागा द्या. त्याच वर्षी धर्माची बदली उमरखेडला झाली. पुढं कधीतरी तो आला, नवी शेड पाहिली, फ्रेम पाहिली, आणि म्हणाला, "फोटो चांगला आला." एवढंच. त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, असं भगवानरावांना अडतीस वर्षं वाटत आलं होतं.

आणि त्याच धर्मानं आपली नात याच क्लबात आणून घातली होती.

पिंटू फेटा घेऊन आला. भगवानराव उठले. उठताना गुडघा कुरकुरला, त्यांनी कप तानाबाईंच्या हातात दिला.

"ती फ्रेम उतरव," ते पिंटूला म्हणाले.

"फेटा आधी बांधू ना, बाबा," पंजाबराव म्हणाले.

"फेटा राहू दे. फ्रेम उतरव म्हटलं ना."

"मागून खिळे हायेत," तानाबाई शांतपणे म्हणाल्या. "पकड लागन. धर्माभाऊजी, तुमच्या पिशवीत असन."

धर्मपालांनी स्टुलावरून खाली उतरून पकड दिली. त्यांची नि भगवानरावांची नजरानजर झाली नाही. पिंटूनं खिळे उपटले, मागची फळी निघाली. कात्रणाच्या पाठीला खळ लावून चिकटवलेलं एक कार्ड होतं. तानाबाईंनीच चिकटवलं होतं ते, नवऱ्यानं सांगितलं म्हणून. चिकटवताना वाचलंही होतं. त्यानंतर त्याबद्दल त्या कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या, आणि आपलं मौन नवऱ्याला जड जातं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

कार्डाचा लिहिलेला भाग वरच होता, आणि खळ वाळून सुटल्यामुळं ते अलगद निघून हातात आलं. भगवानरावांनी चष्मा लावला. कार्ड उजेडाकडं धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

"नेमबाज, धर्मपाल. गुण, चौऱ्याण्णव. साक्षी, भगवान."

बाहेर सोसायटीच्या काट्यावर कापसाची गाडी लागत होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

"बाई, लिहून घ्या," भगवानराव म्हणाले. "हे चौऱ्याण्णव माहे नाईत. माहे अठ्ठ्याऐंशी होते. ज्याचे होते तो पाळीवर गेलता. फोटोवाल्याले मिशी पाह्यजे होती, बंदूक पाह्यजे होती, मी दोन्ही दिली. खोटं बोल्लो नाई असं मी मनाले सांगत राह्यलो. पण मी साक्षी होतो. साक्षीनं गप्प राहणं म्हणजे खोटंच होय. ही शेड त्या फोटोवर भेटली. म्हणजे हीसुद्धा याचीच."

"बाबा," पंजाबराव कसेबसे म्हणाले.

"थांब. अजून एक हाये. कॅमेऱ्यावर बंदूक रोखायची चूक पिंट्याची म्हणून लिहू नका. माही लिहा. पोराईले मी नियम शिकवला की बंदूक माणसाकडं करायची नाई, नि दारावर हे टांगून ठेवलं. लोक आपल्याले भेतात ते उगाच नाई भेत. आपण त्याईले बंदूकच दाखवली. कार्ड दाखवलंच नाई. कार्डामागं काय लिहितो ते तं कधीच नाई."

सलोनीचं पेन थांबलं होतं. "आबा, हे खरंच छापू?"

भगवानरावांनी होकारानं मान हलवली. पंजाबराव खुर्चीत बसले. फेटा त्यांच्या मांडीवर तसाच पडला होता. "उद्या सभेत मी कोणत्या तोंडानं बोलू आता?" ते कोणालाच न उद्देशून म्हणाले.

"हाये त्याच," तानाबाई म्हणाल्या. "हे कार्ड घेऊन जा नि त्याईच्या पुढं ठेव. म्हणावं, आमच्या क्लबात हरलेला माणूस जिंकणाऱ्याच्या कार्डावर सही करते. शिकवू द्या पोरीले, नाई तं नका देऊ. पण हे पाहून ठरवा."

पंजाबरावांनी आईकडं पाहिलं, मग कार्डाकडं. बराच वेळ ते त्यातली भोकं बघत राहिले, दहाची दहा मोजली असावीत. मग म्हणाले, "काचेत लावून नेतो. पण उलटं लावतो. मागची बाजू वर." अर्पिताला एकदम रडू आलं. ती बापाशेजारी जाऊन बसली आणि मांडीवरचा फेटा गुंडाळायला लागली.

"मग फोटो कशाचा घेऊ?" सलोनीनं विचारलं.

"दोघांचा घ्या," दीपमाला म्हणाली. "कार्ड धरून."

धर्मपाल पकड देऊन परत तीन नंबरपाशीच जाऊन उभे राहिले होते. भगवानराव कार्ड घेऊन चालत त्यांच्यापाशी गेले. दहा मीटर काही लांब नसतं, पण आज ते संपेना. जवळ गेल्यावर काय बोलायचं ते त्यांना आठवेना. किती रात्री घोकलं होतं, सगळं गेलं. "धर्मा," ते म्हणाले, "तू मले कधी इचारलं काहून नाई?"

धर्मपालांनी खिशातून फडकं काढलं. कार्डाला डाग नको म्हणून हाताचं तेल बोट न् बोट पुसलं. मग कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि ज्या हातानं अडतीस वर्षं काहीच मागितलं नव्हतं त्या हाताचं बोट खालच्या ओळीवर ठेवलं.

"काय इचारू?" ते म्हणाले. "सही तं तू तवाच केलती."